कासवाला वळण लावताना: पायथनच्या टर्टलने पडद्यावर चित्र काढण्याची क्रमवार रीत

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत टर्टल नावाचा एक भाग आहे: त्यातल्या कासवाला आज्ञा दिल्या की ते पडद्यावर रेघा ओढत चालते. ते शिकणाऱ्यांच्या तक्रारी ठरावीक असतात. त्रिकोण काढायला घेतला तर तो मिटतच नाही, घराच्या भिंतीपासून छतापर्यंत नको असलेली तिरकी रेघ उमटते, चित्राची खिडकी क्षणभर दिसून नाहीशी होते, किंवा बाणाच्या कळा कितीही दाबल्या तरी कासव जागचे हलत नाही. यावर तयार प्रोग्राम शोधून मिळतात आणि ते चालतातही. परंतु तेच चित्र वेगळ्या मापाने काढायचे म्हटले की पहिली चूक पुन्हा होते, कारण बहुतेक वेळा आज्ञा बरोबर असूनही तिचा क्रम चुकलेला असतो.

पडद्यावरचे कासव आपले चित्र पाहत नाही. आपण कोठे उभे आहोत, आपले तोंड कोणीकडे आहे आणि आपले पेन टेकलेले आहे की उचललेले, एवढेच त्याला ठाऊक असते. प्रत्येक आज्ञा या तिन्हींपैकी काहीतरी बदलते आणि पुढची आज्ञा त्या बदललेल्या स्थितीपासून सुरू होते. या लेखात जागोजागी ‘जागा, तोंड, पेन’ हे तीन शब्द येतील. ज्याला कोणत्याही ओळीपाशी थांबून या तिन्हींचे उत्तर देता येते, त्याचे चित्र क्वचितच बिघडते.

## वाचण्यापूर्वी: लिपीविषयी एक सूचना

या लेखातील आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत आणि आकडे मराठी छपाईप्रमाणे दिले आहेत. संगणकावर पायथनच्या स्वतःच्या आज्ञा रोमन लिपीतील लहान अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता टाइप कराव्यात, आणि आकडे इंग्रजीच टाकावेत, कारण प्रोग्राममध्ये थेट लिहिलेला देवनागरी आकडा पायथन स्वीकारत नाही. त्यामुळे येथील ओळींची नक्कल करून चिकटवल्यास त्या चालणार नाहीत. हाताने टाइप कराव्यात, आणि शिकण्यासाठी तेच बरे.

आपण स्वतः दिलेली नावे मात्र पायथन ३ मध्ये देवनागरीत चालतात. फंक्शनला (एका नावाखाली बांधलेल्या आज्ञांच्या गटाला) ‘चौकोन’ किंवा ‘पाकळी’ असे नाव खुशाल द्यावे. त्याचा एक व्यावहारिक फायदाही आहे: टर्टलमधील सर्व आज्ञा एकदम आयात (इम्पोर्ट) केल्यावर कोणी चुकून ‘लेफ्ट’ नावाच्या चलाला ५ ही किंमत दिली, तर ती आज्ञा त्या प्रोग्रामपुरती मेलीच म्हणून समजावे. मराठी नावांच्या बाबतीत ही टक्कर होत नाही. मात्र काही मराठी कळफलक जोडाक्षरात एक न दिसणारे जोडचिन्ह घालतात आणि त्यावर पायथन अडून बसते. म्हणून नावे साधी, शक्यतो जोडाक्षरांवाचून ठेवावीत.

## टप्पा १: तयारी

१. संगणकावर पायथन ३ असावे. टर्टल त्यासोबतच येते. ते वेगळे उतरवून घ्यावे लागत नाही. मात्र चित्राची खिडकी उघडण्यासाठी टीकेइंटर हा भाग लागतो. विंडोजवर पायथनच्या अधिकृत इन्स्टॉलरमधून तो आपोआप बसतो. उबुंटूसारख्या लिनक्सवर तो पुष्कळदा नसतो आणि ‘पायथन३-टीके’ या नावाचे पॅकेज स्वतंत्रपणे बसवावे लागते.

२. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) ‘पायथन -एम टीकेइंटर’ ही ओळ चालवून पाहावी (विंडोजवर ‘पायथन’ऐवजी ‘पाय’ या आज्ञेने सुरुवात करावी). बटणे असलेली एक लहानशी खिडकी उघडली, तर तयारी पुरी झाली. ती उघडली नाही, तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

३. नवी फाइल उघडून ती ‘कासव_१’ अशा अर्थाच्या नावाने साठवावी. फाइलला ‘टर्टल’ हे नाव कधीही देऊ नये. तसे केल्यास आयातीच्या ओळीवर पायथन स्वतःच्या टर्टलऐवजी आपलीच अर्धवट फाइल उचलते, आणि मग ‘फॉरवर्ड हे नाव ओळखीचे नाही’ अशा अर्थाची चूक दाखवते. नवशिके या चुकीत तासन्‌तास अडकतात, कारण प्रोग्राममधील प्रत्येक ओळ खरोखरच बरोबर असते. फाइलचे नाव बदलले की काम होते.

४. पहिला प्रोग्राम असा असावा:

```
फ्रॉम टर्टल इम्पोर्ट *
सेटअप(८००, ६००)
शेप("टर्टल")
स्पीड(१)
फॉरवर्ड(१००)
लेफ्ट(९०)
फॉरवर्ड(१००)
डन()
```

‘सेटअप’ न दिल्यास खिडकी पडद्याच्या निम्म्या रुंदीची आणि पाऊण उंचीची उघडते, म्हणजे प्रत्येक संगणकावर वेगळ्या मापाची. मापे ठरवून देणे केव्हाही चांगले. ‘शेप’मुळे बारीक बाणाऐवजी कासव दिसते आणि त्याचे तोंड कोणीकडे आहे ते ओळखू येते. वेग १ हा सर्वांत संथ आहे आणि शिकताना तोच ठेवावा.

सावधान: ‘डन’ ही शेवटची ओळ खिडकी उघडी ठेवते. आयडलमधून (पायथनसोबत येणाऱ्या, प्रोग्राम लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमधून) प्रोग्राम चालवल्यास ती नसतानाही खिडकी टिकून राहते, त्यामुळे ती अनावश्यक वाटते. मग तीच फाइल थेट उघडल्यावर चित्र काढून होताच खिडकी मिटते. ‘डन’च्या खाली लिहिलेल्या आज्ञा खिडकी बंद होईपर्यंत चालत नाहीत, म्हणून चित्राची कोणतीही ओळ तिच्याखाली लिहू नये.

तपासणी: उजवीकडे एक आणि तेथून वर एक अशा दोन रेघा दिसल्या पाहिजेत, आणि शेवटी कासवाचे तोंड वर असले पाहिजे.

## टप्पा २: पडद्याचा नकाशा मनात बसवणे

खिडकीचा मध्य म्हणजे (०, ०). पहिला आकडा उजवीकडे वाढतो, दुसरा वरच्या दिशेने वाढतो. शाळेतल्या आलेखाच्या कागदासारखेच. ८०० बाय ६०० च्या खिडकीत डावी कड साधारण उणे ४०० वर आणि वरची कड साधारण ३०० वर येते. खिडकीची चौकट थोडी जागा खाते म्हणून चित्र कडेपर्यंत नेऊ नये.

दिशांचा हिशेब मात्र होकायंत्राहून वेगळा आहे. पायथनचे कासव सुरुवातीला पूर्वेकडे, म्हणजे उजवीकडे तोंड करून उभे असते आणि त्या दिशेला ० अंश म्हणतात. तेथून घड्याळाच्या उलट दिशेने मोजत वर ९०, डावीकडे १८० आणि खाली २७० अंश. ज्यांनी शाळेत लोगो भाषा शिकली आहे त्यांचा येथे हमखास गोंधळ उडतो, कारण लोगोतले कासव वर तोंड करून सुरुवात करते आणि त्याचे अंश घड्याळाच्या दिशेने वाढतात. तीच सवय ठेवायची असल्यास सुरुवातीलाच ‘मोड("लोगो")’ अशी ओळ लिहिता येते. पण एकाच प्रोग्राममध्ये मध्येच पद्धत बदलू नये, कारण ही आज्ञा कासवाला पुन्हा मध्यावर नेऊन पहिल्या स्थितीत उभे करते. या लेखातील सर्व उदाहरणे पायथनच्या नेहमीच्या पद्धतीने आहेत.

वळण्याच्या आज्ञा दोन जातींच्या आहेत, आणि हा फरक न कळल्याने होणारी चूक फार जुनी आहे. ‘लेफ्ट(६०)’ म्हणजे आत्ता जिकडे तोंड आहे तेथून ६० अंश डावीकडे वळ. ‘सेटहेडिंग(६०)’ म्हणजे आत्ता तोंड कोणीकडेही असो, ते ६० अंशांच्या दिशेला कर. लूपमध्ये (त्याच आज्ञा पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या रचनेत) ‘लेफ्ट’च्या जागी ‘सेटहेडिंग’ लिहिले की षटकोनाऐवजी एक सुरुवातीचा तुकडा आणि पुढे एक लांबलचक सरळ रेघ मिळते: पहिल्या वळणानंतर कासव ६० अंशांकडेच पाहत असते आणि पुन्हा पुन्हा तिकडेच पाहायला सांगितल्याने काहीही बदलत नाही.

पुढे जाण्यापूर्वी एक व्यायाम करावा. आलेखाच्या कागदावर पेन्सिलीचे टोपण ठेवून त्याचे टोक म्हणजे कासवाचे तोंड समजावे आणि पुढील तीन आज्ञा हाताने चालवाव्यात: लेफ्ट(९०), फॉरवर्ड(१००), राइट(९०). उत्तर कागदावर लिहावे. मग त्याच आज्ञा प्रोग्राममध्ये लिहून त्यांच्याखाली ही ओळ घालावी:

```
प्रिंट(पोझिशन(), हेडिंग())
```

तपासणी: जागा (०, १००) आणि तोंड ० अंश आले पाहिजे. कधी कधी शून्याऐवजी ‘उणे शून्य’ छापले जाते. तो दशांशातल्या अतिसूक्ष्म फरकाचा परिणाम असतो, चूक नव्हे. मात्र याच कारणाने ‘जागा बरोबर (०, ०) आहे का’ अशी अट प्रोग्राममध्ये लिहू नये, ‘डिस्टन्स(०, ०) १ पेक्षा कमी आहे का’ असे विचारावे.

## टप्पा ३: किती वळायचे याचा हिशेब

समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा असतो हे पाठ असल्यामुळे जवळजवळ प्रत्येकजण पहिल्यांदा ‘लेफ्ट(६०)’ लिहितो. परिणामी तीन बाजू काढून झाल्यावर डावीकडे उघडा असलेला एक कंस उरतो, जो प्रत्यक्षात अर्धा षटकोन असतो. कारण असे: ६० हा दोन बाजूंच्या आतला कोन आहे, आणि कासव कोपऱ्यावर पोहोचते तेव्हा त्याचे तोंड त्रिकोणाच्या बाहेर, पुढे सरळ असते. पुढच्या बाजूवर येण्यासाठी त्याला १८० उणे ६०, म्हणजे १२० अंश वळावे लागते. कासव बाह्यकोन मोजते, असे लक्षात ठेवावे.

कोणत्याही बंद बहुभुजाभोवती एक फेरी मारून कासव पहिल्या जागी, पहिल्याच दिशेला तोंड करून आले, तर त्याची एकूण वळणे ३६० अंश भरतात. म्हणून समान बाजूंसाठी वळण म्हणजे ३६० भागिले बाजूंची संख्या:

```
डेफ बहुकोन(बाजू, लांबी):
    फॉर आय इन रेंज(बाजू):
        फॉरवर्ड(लांबी)
        लेफ्ट(३६० / बाजू)
```

पाच टोकांची चांदणी एकाच रेघेत काढताना कासव एका फेरीऐवजी दोन फेऱ्या घेते. म्हणून वळण ७२० भागिले ५, म्हणजे १४४ अंश.

सावधान: भागाकार स्वतः करून ठोकळ आकडा लिहू नये. सप्तकोनासाठी ३६० भागिले ७ याचे उत्तर ५१ आणि वर काही दशांश असे येते. ५१ लिहिल्यास सात वळणांत ३५७ अंशच होतात. उरलेल्या ३ अंशांमुळे शेवटचा कोपरा किंचित उघडा राहतो. तो एकदा दिसणारही नाही, पण हाच सप्तकोन वीस वेळा काढला की आकृती ६० अंश फिरलेली असते. हिशेब पायथनवर सोपवावा.

सावधान: शेवटचे वळण गाळू नये. चौथी बाजू काढल्यावर चौकोन पुरा दिसतो, त्यामुळे त्यानंतरचे ‘लेफ्ट(९०)’ फुकट वाटते. ते चित्रासाठी नसून कासवाचे तोंड पहिल्यासारखे करण्यासाठी आहे. याची किंमत पुढच्या टप्प्यात कळेल.

## टप्पा ४: पेन उचलून दुसरीकडे जाणे

‘गोटू’ ही आज्ञा कासवाला दिलेल्या जागी नेते, पण पेन टेकलेले असेल तर वाटेत रेघ ओढतच नेते. ‘होम’ या आज्ञेचेही तसेच आहे. दुसरी गोष्ट, ‘गोटू’ने जागा बदलते, तोंड बदलत नाही, ‘होम’ने दोन्ही बदलतात. क्रम नेहमी उचल, जा, टेकव असा असावा, आणि तो दर वेळी लिहीत बसण्याऐवजी एकदाच बांधून ठेवावा:

```
डेफ जा(क्ष, य):
    पेनअप()
    गोटू(क्ष, य)
    पेनडाउन()
```

पायथन ३.१२ पासून याच कामासाठी ‘टेलिपोर्ट’ ही तयार आज्ञा आली आहे. शाळांतील संगणकांवर पुष्कळदा जुनी आवृत्ती असते, त्यामुळे मी अजून ‘जा’च वापरतो.

आता घर काढावे. भिंत १६० चा चौरस, वर १६० बाजूचा समभुज त्रिकोण, आणि मध्यभागी ४० रुंद व ८० उंच दार.

```
जा(-८०, -१००)
बहुकोन(४, १६०)
जा(-८०, ६०)
बहुकोन(३, १६०)
जा(-२०, -१००)
फॉर आय इन रेंज(२):
    फॉरवर्ड(४०)
    लेफ्ट(९०)
    फॉरवर्ड(८०)
    लेफ्ट(९०)
```

दुसऱ्या ‘जा’मधील ६० कोठून आले हे पाहावे: भिंतीचा तळ उणे १०० वर आहे आणि भिंत १६० उंच आहे. असे आकडे अंदाजाने लिहून, चालवून, पुन्हा बदलत बसण्याची सवय सर्वांत जास्त वेळ खाते. कागदावर एकदा चौकट आखून चारही कोपऱ्यांचे आकडे लिहिले की हे काम पाच मिनिटांचे आहे.

एका शाळेत सातवीच्या मुलांना हे घर शिकवताना एका मुलाचे छत घराच्या आत, डाव्या भिंतीला चिकटून आडवे पडले होते. त्याने छताच्या ओळी तीनदा खोडून लिहिल्या होत्या. त्या तिन्ही वेळा बरोबर होत्या. चूक भिंतीत होती: त्याने लूप न वापरता चार बाजू सुट्या लिहिल्या होत्या आणि चौथ्या बाजूनंतरचे वळण ‘नको’ म्हणून गाळले होते. त्यामुळे भिंत संपताना कासवाचे तोंड खाली, २७० अंशांवर राहिले. ‘जा’ने जागा बदलली, तोंड तसेच राहिले, आणि त्रिकोणाची पहिली बाजू उजवीकडे जाण्याऐवजी भिंतीवरून खाली उतरली. आकृती जेथे बिघडलेली दिसते तेथे चूक असेलच असे नाही. ती पुष्कळदा आधीच्या आकृतीच्या शेवटच्या ओळीत असते.

तपासणी: प्रत्येक आकृतीनंतर ‘प्रिंट(हेडिंग())’ लिहून पाहावे. घराच्या तिन्ही भागांनंतर ० हेच उत्तर यायला हवे. एखादे फंक्शन ज्या जागी, ज्या दिशेला तोंड असताना सुरू झाले तेथेच संपत असेल, तरच ते इतर फंक्शनांच्या शेजारी सुखाने नांदते.

## टप्पा ५: रंग भरणे

रंगाचे नाव अवतरणचिन्हांत द्यावे लागते. ‘पेनकलर’ रेघेचा रंग ठरवते, ‘फिलकलर’ आतला. एखादा रंग लाल, हिरवा, निळा यांच्या आकड्यांनी द्यायचा असेल तर पायथन सुरुवातीला ० ते १ मधले अपूर्णांक अपेक्षिते. ० ते २५५ हे आकडे वापरायचे असल्यास आधी ‘कलरमोड(२५५)’ लिहावे, नाहीतर चूक येते.

भरण्याचा क्रम असा: आधी ‘जा’, मग ‘फिलकलर’, मग ‘बिगिन_फिल’, मग आकृती, मग ‘एंड_फिल’. ‘बिगिन_फिल’नंतर कासव जेथे जेथे जाते ते सगळे बिंदू आकृतीचे कोपरे धरले जातात, पेन उचललेले असले तरी. म्हणून ‘बिगिन_फिल’ लिहून मग ‘जा’ केल्यास रंगाची एक पाचर मध्येच घुसलेली दिसते. ‘एंड_फिल’ विसरल्यास चूक दाखवली जात नाही. रंग तेवढा भरत नाही.

नंतर भरलेला भाग आधीच्या भागावर बसतो, म्हणून आधी भिंत, मग दार. चांदणीसारख्या स्वतःलाच छेदणाऱ्या आकृतीचा मधला भाग भरला जाईल की रिकामा राहील, हे संगणकाच्या प्रणालीवर अवलंबून असते. आपल्याकडे भरलेली चांदणी मित्राच्या संगणकावर पोकळ दिसली, तर प्रोग्राममध्ये चूक शोधू नये.

## टप्पा ६: वर्तुळ, कंस आणि पाकळी

‘सर्कल(५०)’ लिहिल्यावर कासव स्वतःभोवती वर्तुळ काढील अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात ते वर्तुळाच्या परिघावर उभे असते आणि केंद्र त्याच्या डाव्या हाताला ५० अंतरावर असते. तोंड ० अंशांवर असताना मध्यापासून काढलेल्या वर्तुळाचे केंद्र (०, ५०) येते. केंद्र मध्यावरच हवे असेल तर आधी ‘जा(०, -५०)’ करावे. त्रिज्या उणे दिल्यास केंद्र उजव्या हाताला जाते.

दुसरा आकडा दिला की पूर्ण वर्तुळाऐवजी तेवढ्या अंशांचा कंस मिळतो, आणि कंस चालून जाताना कासवाचे तोंडही तेवढेच अंश वळते. हे लक्षात घेतले तर पाकळीचा हिशेब आपोआप सुटतो. पाकळी म्हणजे समोरासमोरचे दोन कंस. पहिला कंस ६० अंशांचा असेल तर टोकाला पोहोचेपर्यंत तोंड ६० अंश वळलेले असते. परतीच्या कंसासाठी अर्धी फेरी, म्हणजे १८० अंश पुरे व्हायला हवेत, म्हणून टोकावर आणखी १२० अंश वळायचे. दोन कंसांत मिळून ३६० भरतात आणि कासव जसे निघाले तसे परत येते.

```
डेफ पाकळी(मोठी, कोन):
    फॉर आय इन रेंज(२):
        सर्कल(मोठी, कोन)
        लेफ्ट(१८० - कोन)

फॉर आय इन रेंज(६):
    पाकळी(१००, ६०)
    लेफ्ट(६०)
```

येथे ‘मोठी’ म्हणजे त्रिज्या. ‘त्रिज्या’तील जोडाक्षरे टाळण्यासाठी साधे नाव घेतले आहे. वरच्या ‘जा’मध्ये मीच ‘क्ष’ वापरून हा नियम मोडला आहे. ते नाव चालते. आपला कळफलक अडल्यास तेथे दुसरे अक्षर घ्यावे.

सावधान: शेवटच्या लूपमधील ‘लेफ्ट(६०)’ ही ओळ ‘पाकळी’च्या ओळीइतकीच आत सरकलेली असावी. ती डाव्या समासाला चिकटली, तर सहाही पाकळ्या एकावर एक काढल्या जातात आणि पडद्यावर एकच पाकळी दिसते. वेग १ असल्यास कासव त्याच वाटेने पुन्हा पुन्हा जाताना दिसते. वेग वाढवलेला असल्यास ते कळतही नाही.

हे फूल ठिपक्यांच्या रांगोळीवर बसवायचे झाल्यास आधी ठिपके काढावेत. ‘डॉट(६)’ पेन उचललेले असतानाही ठिपका उमटवते, म्हणून ठिपक्यांसाठी ‘पेनअप’ करून ‘गोटू’ आणि ‘डॉट’ एवढेच लूपमध्ये घालावे. अंगणात रांगोळी काढताना ठिपके आधी आणि रेघा नंतर असतात. येथेही तोच क्रम ठेवल्यास प्रत्येक पाकळीचे टोक ठिपक्यावर येते की नाही ते लगेच कळते. वरील पाकळीची लांबी १०० भरते, त्यामुळे सहा टोकांचे ठिपके मध्यापासून १०० अंतरावर हवेत. आणि पाकळीचे टोक तिच्या सुरुवातीच्या तोंडापासून ३० अंश डावीकडे येते, हे विसरल्यास सगळे ठिपके दोन पाकळ्यांच्या मधोमध पडतात.

## टप्पा ७: कळांनी कासव चालवणे

आतापर्यंत सर्व आज्ञा आधीच लिहिलेल्या होत्या. आता वापरणारा कळ दाबेल तेव्हा कासवाने हलायचे आहे. येथे चार गोष्टी क्रमाने हव्यात: आधी फंक्शने, मग कळेशी जोडणी, मग ‘लिसन’, आणि शेवटी ‘मेनलूप’ (हे ‘डन’चेच दुसरे नाव आहे).

```
स्पीड(०)

डेफ वर():
    इफ वायकोर() < २८०:
        सेटहेडिंग(९०)
        फॉरवर्ड(१०)

डेफ पेनबदल():
    इफ इझडाउन():
        पेनअप()
    एल्स:
        पेनडाउन()

ऑनकीप्रेस(वर, "अप")
ऑनकी(पेनबदल, "स्पेस")
ऑनकी(अनडू, "यू")
ऑनस्क्रीनक्लिक(जा)
लिसन()
मेनलूप()
```

खाली, डावीकडे आणि उजवीकडे यांची फंक्शने याच धर्तीवर लिहावीत. उजवी-डावीकडच्या मर्यादेसाठी ‘एक्सकोर’ तपासावा. दिशा ठरलेली असल्याने येथे ‘लेफ्ट’ न वापरता ‘सेटहेडिंग’ वापरणे योग्य. शेवटून तिसऱ्या ओळीत माउसच्या टिचकीला आपलेच ‘जा’ फंक्शन जोडले आहे. टिचकीच्या जागेचे दोन आकडे त्याला आपोआप मिळतात.

कळा चालत नसल्यास पुढील कारणे याच क्रमाने तपासावीत.

१. जोडणीत फंक्शनच्या नावापुढे कंस लिहिला आहे का? ‘ऑनकीप्रेस(वर(), "अप")’ असे लिहिल्यास ‘वर’ तत्काळ एकदा चालते आणि कळेला काहीच जोडले जात नाही. प्रोग्राम सुरू होताच कासव स्वतःहून एक पाऊल हलले, तर हीच चूक आहे.

२. ‘लिसन’ विसरले आहे का?

३. चित्राच्या खिडकीवर एकदा टिचकी मारली आहे का? मागे संपादकाची (प्रोग्राम लिहिण्याच्या सॉफ्टवेअरची) खिडकी सक्रिय असेल तर कळा तिकडे जातात.

४. कळेचे नाव जसेच्या तसे आहे का? बाणांच्या कळांच्या नावांचे पहिले अक्षर मोठे असते, ‘स्पेस’ मात्र सगळे लहान अक्षरांत. अक्षरांच्या कळांत लहान आणि मोठे वेगवेगळे धरले जाते. कॅप्स लॉक चालू राहिल्यास ‘यू’ दाबूनही पाऊल मागे जात नाही. मराठी कळफलक चालू राहिला तरी हेच होते.

सावधान: ‘ऑनकी’ कळ सोडल्यावर काम करते, ‘ऑनकीप्रेस’ दाबल्यावर. कळ दाबून धरली असता कासव चालत राहावे असे वाटत असेल तर दुसरी वापरावी. पेन उचलण्या-टेकवण्यासाठी मात्र पहिलीच बरी, नाहीतर कळ क्षणभर जास्त दाबली गेली की पेन वर-खाली होत राहते.

## टप्पा ८: वेग आणि चित्र साठवणे

वेग १० हा जलद, पण ० हा त्याहून जलद आहे. ० म्हणजे थांब नव्हे, हालचाल न दाखवता थेट काढ. त्याहीपेक्षा वेगाने हवे असल्यास सुरुवातीला ‘ट्रेसर(०)’ आणि चित्र संपल्यावर ‘अपडेट()’ लिहावे. ‘अपडेट’ विसरले की चित्र पुरे दिसत नाही, कधी खिडकी कोरीच राहते. चित्र बरोबर येईपर्यंत या वाटेला जाऊ नये. चूक शोधायची असते तेव्हा वेग १ वर आणून कासवामागे डोळ्यांनी चालत जाणे आणि ज्या कोपऱ्यावर ते भलतीकडे वळले तेथली ओळ पाहणे, यापेक्षा चांगला उपाय मला सापडलेला नाही.

‘क्लिअर’ रेघा पुसते पण कासव जागीच ठेवते. ‘रीसेट’ रेघा पुसून कासवाला मध्यावर, ० अंशांवर आणते. नवे चित्र भलत्याच ठिकाणाहून सुरू झाले तर ‘रीसेट’च्या जागी ‘क्लिअर’ लिहिलेले असते. काही संपादकांत खिडकी बंद करून प्रोग्राम दुसऱ्यांदा चालवला की ‘टर्मिनेटर’ नावाची चूक येते. तो प्रोग्राममधील दोष नसतो, पायथनचे सत्र नव्याने सुरू केल्यावर ती जाते.

चित्र साठवण्यासाठी ‘डन’च्या आधी ही ओळ लिहावी:

```
गेटकॅनव्हास().पोस्टस्क्रिप्ट(फाइल="घर.ईपीएस")
```

यातून पोस्टस्क्रिप्ट प्रकारची फाइल मिळते. ती सगळ्या संगणकांवर सहज उघडत नाही, आणि खिडकीच्या पार्श्वभूमीला दिलेला रंग तिच्यात येत नाही. छपाईसाठी ती चांगली. व्हॉट्सॲपवर पाठवायचे असेल तर ‘हाइडटर्टल’ करून कासव लपवावे आणि पडद्याचा स्क्रीनशॉट घ्यावा.